१९७९ चं यान, १९७९ च्याच तुकड्यांनी

लेगोच्या ९२८ नंबरच्या अंतराळयानाच्या सेटमध्ये ३३८ तुकडे असतात. १९८२ साली माझ्या बहारीनच्या आत्याने तो सेट सांगलीला आणला तेव्हा ते सगळेच्या सगळे होते. खोकं तेवढं नव्हतं. बॅगेत मावेना म्हणून तिने ते तिकडेच टाकलं, तुकडे उशीच्या अभ्र्यात भरले आणि कृतीचं पुस्तक चुरगळू नये म्हणून साड्यांच्या घडीत ठेवलं. २०१६ मध्ये आईने माळा रिकामा करायला काढला आणि गाठ मारलेला तोच अभ्रा माझ्या हातात दिला. मी तो नेदरलँड्सला, आइंडहोव्हनला आणला, सतरंजीवर ओतला आणि मोजला. २११ भरले.

बाकीचे १२७ जमवायला मला तीन वर्षं लागली. पूर्ण सेट विकत घेता आला असता, पण मग ते दुसऱ्याच कुणाचं तरी यान झालं असतं. आता ते उभं राहिलंय, आणि घरी येणारा जाणारा निम्मा वेळ त्याच्याचकडे बघतो. त्यातले बरेच जण मग हळूच सांगतात की त्यांच्याही घरी, डोंबिवलीत नाहीतर कोल्हापुरात, असंच काहीतरी पिशवीत पडलंय. कुणाच्या काकांनी कुवेतहून आणलेलं, कुणाच्या मामांनी जर्मनीहून. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. उदाहरण माझ्या यानाचं आहे, पण १९७८ चा पिवळा किल्ला असो किंवा त्या काळातलं एखादं साधं घर असो, पद्धत तीच.

आधी सेटची ओळख पटवा. माझ्या यानाला युरोपात ९२८ नंबर होता आणि अमेरिकेत ४९७. एकच सेट, दोन नंबर. त्या काळात असं सर्रास व्हायचं, त्यामुळे शोधताना दोन्ही नंबर टाकून बघायचे. यानाच्या अंगावर ‘एलएल९२८’ छापलेलं असतं, तेही मदतीला येतं. त्याच वर्षीची ९१८ आणि ९२४ ही धाकटी यानंही अशीच आपला नंबर अंगावर मिरवतात. ही सगळी अंतराळयानांची मालिका येन्स नीगोर क्नुडसेन या डॅनिश माणसाच्या डोक्यातून आली. हातपाय हलणारा छोटा लेगो माणूसही त्यानेच घडवला, १९७८ साली. क्नुडसेन २०२० मध्ये गेला. नंबर सापडला की संग्राहकांच्या संकेतस्थळांवर तुकड्यांची पूर्ण यादी मिळते आणि जुन्या कृतीपुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही मिळतात. यादी छापून घ्या. फोनवर बघून हे काम होत नाही, मी करून बघितलंय.

नियम तुम्हीच ठरवायचा

‘त्या काळचा तुकडा’ म्हणजे नेमकं काय, हे सुरुवातीलाच ठरवून कागदावर लिहा. नाहीतर मधेच मन फिरतं आणि एकच प्लेट, म्हणजे चपटा तुकडा, तीनदा विकत घेतली जाते.

सगळ्यात सैल नियम असा की आकार आणि रंग जुळला म्हणजे झालं, मग तुकडा १९७९ चा असो की १९९९ चा. त्याहून कडक म्हणजे साचासुद्धा त्याच वर्षांतला हवा, पोटातली रचना आणि खुणा जुळायला हव्यात. आणि सगळ्यात कडक नियम पाळणारे लोक एका खोक्यातला तुकडा दुसऱ्या खोक्यात जाऊ देत नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण सोवळं पाळणाऱ्याशी वाद घालू नये हे घरातच शिकलोय. मी मधला मार्ग घेतला. बाहेरून दिसेल ते सगळं १९७८ ते १९८४ च्या दरम्यानचं, आणि पोटात दडणाऱ्या जागी आकार-रंग जुळला तरी चालेल. मात्र असं जिथे चालवून घेतलं, तिथे यादीत लाल फुली मारायची.

ओता, निवडा

निवडताना पहिली चूक सगळेच करतात, ती म्हणजे रंगाप्रमाणे ढीग लावणं. निळ्यांच्या ढिगात निळी एक-बाय-दोनची, म्हणजे वर दोन गोल बटणं असलेली, प्लेट शोधायला बसा म्हणजे कळेल. उलट सगळ्या एक-बाय-दोनच्या प्लेटा एकत्र ठेवल्या तर त्यातली निळी क्षणात दिसते. डोळ्याला रंग वेगळे काढणं सोपं जातं, आकार जड जातात. म्हणून ढीग आकाराचे लावायचे. धान्य निवडायला सूप असतं तसं उथळ काही तरी घ्या. माझ्याकडे ओव्हनचा ट्रे आहे. बायकोने तो आता माझ्याच नावावर केलाय.

नकली ठोकळे याच वेळी बाजूला काढा. खऱ्या लेगोच्या प्रत्येक बटणावर नाव उठवलेलं असतं. आपल्याकडे जुन्या पिशवीत दोन-तीन कंपन्यांचे ठोकळे मिसळलेले असतातच. कुणी कुणाच्या वाढदिवसाला काय दिलं याची सरमिसळ असते ती. नाव दिसत नसेल तर मोजून बघा. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिमी, विटेची उंची बटण सोडून ९.६ मिमी, प्लेटची ३.२. म्हणजे तीन प्लेटा एकावर एक चढवल्या की एक वीट. ही तिनाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

वय पोटाखाली लिहिलेलं असतं

विटेचं वय बघायचं तर ती उलटी करायची.

पोट अगदी पोकळ असेल, आत नळ्याच नसतील, तर ती १९५८ च्या आधीची. त्या वर्षी २८ जानेवारीला कंपनीने बटण-आणि-नळीच्या जोडणीसाठी पेटंटचा अर्ज केला. त्याआधीच्या विटा एकमेकींवर बसायच्या, पण धरून ठेवायच्या नाहीत. नळ्या आहेत पण वीट किंचित वाकलेली आहे, कडा केळ्यासारख्या झाल्यात, रंग थोडा मेणचट वाटतो, नाकाजवळ नेली तर आंबूस वास येतो, अशी वीट सेल्युलोज ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची. १९६३ पासून कंपनी एबीएस या प्लास्टिककडे वळली, आणि आजही नेहमीची वीट त्याचीच असते. पोकळ आणि ॲसिटेटच्या, या दोन्ही प्रकारच्या विटांना आमच्या यानात जागा नाही. पण युरोपातल्या जुन्या बाजारात घेतलेल्या पिशवीत त्या हटकून निघतात. त्या फेकू नका. साठच्या दशकातलं लाल-पांढरं घर बांधणारे त्यांच्याच शोधात असतात.

पोटात ‘पॅट. पेंड.’ (पेटंट पेंडिंग) अशी अक्षरं दिसली तर वीट साठ-सत्तरच्या दशकांतल्या साच्याची समजायला हरकत नाही. सपाट गुळगुळीत टाइल असेल तर तिची खालची कड बघा. तिथे चारी बाजूंनी बारीक खाच असते, नखाने काढता यावी म्हणून. खाच नसेल तर टाइल आणखी जुनी, यानाच्या उपयोगाची नाही.

हे सगळं वाचून पाठ होत नाही. आपल्याला खात्रीने माहीत असलेला एक जुना तुकडा शेजारी ठेवून दुसऱ्याशी ताडून बघत राहिलं की आठवड्याभरात हाताला कळायला लागतं. माझ्याकडे त्यासाठी आत्याचे २११ होते. तुमच्याकडे तुमच्या पिशवीतले असतील, त्यांनाच आधी नीट बघा.

राखाडीने मला दोनदा फसवलं

या यानाचं अंग निळं आणि राखाडी. निळ्याने फार छळलं नाही. राखाडीने छळलं. २००४ च्या सुमारास कंपनीने आपला राखाडी रंगच बदलला. जुना राखाडी ऊबदार, किंचित पिवळसर-हिरवट झाक असलेला. नवा निळसर, थंड. वेगवेगळे हातात घेतले तर दोन्ही ‘राखाडी’च. शेजारी ठेवले की ताज्या सिमेंटशेजारी जुनं सिमेंट. तपकिरी रंगाचंही त्याच वेळी असंच झालं, पण यानात तपकिरी नाही.

घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक दिसत नाही. मी पहिली खेप रात्री जेवणानंतर तपासली, सगळं छान वाटलं, आणि सकाळी खिडकीपाशी बघतो तर पंखाला ठिगळं. तेव्हापासून रंग फक्त दिवसा, सावलीतल्या खिडकीत, पांढऱ्या कागदावर. दुसरी फसवणूक एका विक्रेत्याने केली. यादीत जुना राखाडी लिहून नवा पाठवला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. पैसे परत दिले, पण तीन आठवडे गेले. आता मी मागणी नोंदवण्याआधीच विक्रेत्याला लिहितो, ‘दिवसाच्या उजेडात, एका पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो पाठवा.’ चांगला विक्रेता लगेच पाठवतो. जो कुरकुरतो त्याच्याकडून घ्यायचं नाही.

अंघोळ

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ दातब्रश. पाणी ४० अंशांच्या वर नको. हाताला सुखद लागेल एवढंच. ज्या तुकड्यांवर छपाई किंवा स्टिकर आहेत ते पाण्यात बुडवायचेच नाहीत, ओल्या कापडाने पुसायचे. धातूचा आस असलेली जुनी चाकंही बाहेर ठेवायची, गंजतात. मग पंचावर पसरून सावलीत दोन दिवस. प्रत्येक बटण वर येईल असं ठेवा, नाहीतर नळीत पाणी राहतं.

कढत पाण्याचा मोह मलाही झाला होता. बाजारातल्या एका पिशवीला सिगारेटचा इतका वास होता की मी किटलीतलं पाणी थेट बादलीत ओतलं. वरची खरकटी निघाली, वास गेला आणि सहा लाल विटांची तळहातावर ठेवलेल्या पापडासारखी गत झाली. ॲसिटेटच्या होत्या त्या, साठच्या आसपासच्या. यानाला लागणार नव्हत्याच, पण कुणाच्या तरी घराची भिंत गेली.

धुताना एक सांगून ठेवतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लाल आणि पिवळ्या विटांसाठी कॅडमियमयुक्त रंग वापरले जायचे. मोठ्या माणसाने हाताळून हात धुतले की झालं. पण सगळं तोंडात घालणाऱ्या बाळासमोर ही पिशवी ओतू नका.

पिवळं पडलंय, आता?

एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाचा रबरी भाग असतो. ऊन आणि हवा लागून तो बदलत जातो आणि तुकडा पिवळसर दिसतो. पांढरा दुधाळ साय होतो, राखाडी मातकट होतो, निळ्याला हिरवी झाक येते. यावर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्याने रंग येतो हे खरं. पण एकसारखा येईलच असं नाही, काही महिन्यांनी पिवळेपणा परतू शकतो, आणि जरा जास्त वेळ राहिलं तर वर पांढुरके चट्टे उठतात. माझ्या दोन निळ्या विटा अशाच कोड आल्यासारख्या झाल्या. करायचंच असेल तर हातमोजे घाला, चष्मा लावा, आणि सुरुवात ज्या तुकड्याचं काहीच व्हायचं राहिलेलं नाही त्याच्यापासून करा. मी मात्र आता करत नाही.

मी करतो ते असं. वीट बहुतेक वेळा एकाच बाजूने पिवळी पडते, जी बाजू वर्षानुवर्षं खिडकीकडे होती ती. आणि वीट फिरवता येते! दोन-बाय-चारची वीट अर्धा फेरा फिरवली तरी त्याच जागी बसते. तेव्हा पिवळा चेहरा आत, चांगला बाहेर. दोन्ही चेहरे गेले असतील तर ती वीट पोटात. बसण्याआधी एकेक वीट हातात फिरवून तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने बारीक बाण काढायचा, चांगल्या बाजूकडे. यानाच्या पोटात अशा कितीतरी म्हाताऱ्या विटा आहेत आणि बाहेरून कुणाला पत्ता नाही. १२७ तुकडे जमवावे लागले, ते पावणेदोनशे झाले असते, एवढं या एका युक्तीने वाचवलं.

कुठून मिळवायचे

नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी परवान्याशिवाय रस्त्यावर काहीही विकता येतं, आणि गल्लीगल्लीत पोरं चादर पसरून आपली जुनी खेळणी मांडून बसतात. पोरांची खेळणी असतात त्यात, आणि त्यांच्या बापाचीही. सकाळी सातला बाहेर पडायचं. २०१७ ला एका आजोबांकडून साडेतीन किलोची पिशवी पंधरा युरोला घेतली, त्यात माझे ७१ निघाले. पिशवी घेताना वरवरचं बघू नका, हात खोल घालून तळ ढवळा. जड विटा खाली जातात असं नाही, पण चांगले बारीक तुकडे खालीच असतात. खालच्या मुठीत जुना राखाडी आणि पारदर्शक पिवळा दिसला की फार घासाघीस न करता पैसे द्यावेत.

पुढचे ४८ ब्रिकलिंकवरून, म्हणजे सुटे लेगो तुकडे विकणाऱ्या दुकानांच्या संकेतस्थळावरून. तिथे प्रत्येक तुकड्याला नंबर असतो, उदाहरणार्थ दोन-बाय-चारची वीट ३००१, एक-बाय-दोनची प्लेट ३०२३, आणि प्रत्येक रंगाला नाव. ‘लाइट ग्रे’ म्हणजे जुना, ‘लाइट ब्लूइश ग्रे’ म्हणजे नवा. हा एक शब्द वाचायचा राहिला की संपलं. हव्या त्या सगळ्या तुकड्यांची यादी आधी भरून ठेवायची आणि ज्या एकाच दुकानात जास्तीत जास्त मिळतील तिथून घ्यायचे. तुकडा वीस सेंटचा आणि टपाल सहा युरोचं, असा हा व्यवहार आहे.

भारतात राहणाऱ्यांना टपाल आणि कस्टम मिळून तुकड्यांपेक्षा महाग पडतं. त्यावर आत्याचा उपाय अजून चालतो. युरोपात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि येताना आणायला सांगा. शंभर तुकडे मोज्यात मावतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवारी, मी सुट्टीत चार वेळा फिरलो. नकली ठोकळे, हात तुटलेल्या बाहुल्या आणि एक सुंदर पितळी अडकित्ता, एवढंच मिळालं. तुम्हाला नशीब लाभलं तर कळवा. त्यापेक्षा नातेवाइकांचे माळे जास्त खात्रीचे.

उरलेले आठ सगळ्यात वाईट. पुढचे काचेसारखे पारदर्शक पिवळे तुकडे, आणि अंतराळवीरांचं सामान. पारदर्शक तुकड्यांना वय झालं की केसासारख्या चिरा पडतात, आणि फोटोत त्या दिसत नाहीत. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, ‘उजेडासमोर धरून चीर आहे का बघाल?’

चार माणसं

सेटमध्ये दोन लाल आणि दोन पांढरे अंतराळवीर असतात. विटांपेक्षा माणसांमध्ये खोटेपणा जास्त चालतो, म्हणून वेगळं सांगतो.

डोक्यावरचं बटण बघा. या काळातलं डोकं वरून भरीव असतं. बटणाला भोक असेल तर ते नंतरचं. शिरस्त्राणाला दोन्ही कानांपाशी खळगा असेल, तर ते १९८७ नंतरचं, कारण उघडझाप करणारी काच त्या वर्षी आली आणि तिच्यासाठी ती सोय केली. आमच्या चौघांची शिरस्त्राणं बिनकाचेची, आणि हनुवटीखालचा पट्टा इतका बारीक की तो मधोमध तुटतोच. न तुटलेलं मिळालं तर ते घालून-काढून खेळू नका. डोक्यात घालताना पाठीमागून तिरकं घालायचं, सरळ दाबायचं नाही.

छातीवर सोनेरी ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाचं चिन्ह असतं. मुलांच्या अंगठ्याने ते झिजतं. हल्ली नव्याने छापलेल्या छात्या विकायला असतात. ओळखण्याची माझी रीत साधी आहे: काखेत बघा. जुन्या छातीला काखेपाशी बहुधा बारीक तडा असतो, हात आत खोचलेले असल्यामुळे तिथे ताण येतो. तडा नाही, कड धारदार, चिन्ह झगझगीत आणि किंमत मात्र ‘जुन्याची’, असं दिसलं तर दोनदा विचार करा.

माझ्या एका लाल वीराचा पट्टा तुटलेला आहे. चांगला मिळाला होता, बदलला नाही. १९८३ च्या दिवाळीत तो मीच तोडला होता.

बांधणी

त्या काळच्या कृतीपुस्तकात कोणत्या पायरीला कुठले तुकडे हे दिलेलं नसतं. फक्त चित्रं. या चित्रात आणि मागच्या चित्रात काय वेगळं आहे ते तुम्हीच शोधायचं, आणि एका पायरीत सात-आठ तुकडे वाढलेले असतात. मी पुढचं चित्र कागदाने झाकतो आणि आधी नव्या तुकड्यांची मोजणी करतो, मग हात लावतो. नाहीतर एक प्लेट राहते आणि वीस मिनिटांनी पंख बसत नाही.

जोडण्याआधी पकड तपासा. दोन विटा दोनच बटणांवर जोडून हलवा. गळून पडली तर तिला ताण नसलेल्या जागी पाठवा. पंखाच्या मुळाशी, नाकाच्या सांध्यात आणि मागच्या पिवळ्या दारांच्या बिजागरीला सगळ्यात घट्ट तुकडे राखून ठेवायचे.

दोन प्लेटा चिकटून बसल्या तर दात लावू नका. वरच्या प्लेटवर एक लांब वीट बसवा, खालच्या प्लेटच्या पोटाला एक, आणि दोन्ही विटा तरफेसारख्या उलट दिशेला दाबा. सुटतात. माझ्या चौदा प्लेटांवर माझेच दुधाचे दात उठलेले आहेत. त्या मी मागच्या बाजूला लावल्यात.

यानाखालची, चंद्रासारख्या खड्ड्यांची राखाडी पाटी पातळ असते आणि कोपऱ्यात फुटते. तिला एका हाताने कोपऱ्यातून कधीच उचलू नका.

खोक्याच्या पाठीवरचं यान

यान पूर्ण झाल्यावर, २०१९ मध्ये, एका सेकंड-हँड दुकानात मला ९२८ चं रिकामं खोकं मिळालं. आत्याने टाकलेलं तेच, म्हणजे तसलंच. पाठ बघितली आणि हात थांबला. त्याच ३३८ तुकड्यांतून आणखी काय काय होतं त्याचे फोटो! कृती कुठल्याच फोटोची नाही. त्या काळच्या लेगो खोक्यांवर असे फोटो असायचेच, पोरांनी बघून डोकं चालवावं म्हणून. आमचं खोकं बहारीनलाच राहिल्यामुळे हे मला चाळीशीत कळलं.

मग त्यातलं एक करायला घेतलं. यात खरी मजा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

फोटो मोठा स्कॅन करून छापा. शाळेतली गणिताची चौकटीची वही घ्या. उभ्या दिशेला एक चौकट म्हणजे एक प्लेट धरा, वीट म्हणजे तीन चौकटी. फोटोत पूर्ण दिसणारी एखादी वीट पकडा आणि तिच्या मापाने बाकीच्या उंच्या वाचत जा. आडव्या दिशेला बटणं मोजा. जिथे बटणं झाकली गेली आहेत तिथे सांध्याची बारीक काळी रेघ शोधा. दोन तुकड्यांच्या मध्ये ती नेहमी असते, छपाई खराब असली तरी भिंगातून दिसते. समोरची बाजू अशी वहीत उतरवली की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे न दिसणारं. इथे यादी कामाला येते. खोकं सांगतं की हे त्याच सेटमधलं आहे, म्हणजे यादीत नसलेला तुकडा आत असूच शकत नाही. प्रत्येक तुकडा ठेवला की यादीतून वजा करायचा. समजा समोरच्या बाजूला एका लांबीच्या सगळ्या निळ्या विटा संपल्या, तर मागे त्या लांबीची निळी वीट नाही, तिथे दोन आखूडच असणार. यान डाव्या-उजव्या बाजूंनी सारखं आहे असं धरून चाला, आणि एखादा तुकडा यादीत एकच असेल तर तो मधोमध आहे असं समजा. वजाबाकी शून्याखाली गेली की समजायचं आपण कुठेतरी जास्तीची वीट खपवली. परत चार पावलं मागे.

मला यासाठी दोन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. दोनदा पंख खाली पडला, कारण फोटोत तो हवेत तरंगतोय असं दिसतं आणि खाली काय धरून ठेवतंय ते दिसत नाही. शेवटी मुलीने वही उलटी धरून सांगितलं की खालून एक लांब प्लेट आडवी गेली असणार, नाहीतर ते उभंच राहणार नाही. यादीत ती प्लेट शिल्लक होती. पाठीमागची बाजू मात्र माझीच आहे, फोटोत ती कुठेच नाही, आणि वहीत तसं लिहून ठेवलंय.

यान आता दिवाणखान्यात नाही, जिन्याखालच्या कपाटात आहे, कारण दिवाणखान्यात दुपारी ऊन येतं. आठवड्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झटकतो. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलीय. तिच्यावर तीन लाल फुल्या अजून शिल्लक आहेत: पोटातल्या दोन निळ्या प्लेटा, आणि डाव्या पंखाच्या आत दडलेली एक राखाडी एक-बाय-दोन, जी २००४ नंतरची आहे. २७ एप्रिलला सात वाजता परत बाहेर पडणार आहे.